कासुलम्माची गंजी

"गोल दिसलं की गंजी, चौकोनी दिसलं की घर. विचार करत बसायचं नाही, हात चालू ठेवायचा."

फणींद्र सरांचं हे वाक्य सात वर्षांनंतरही माझ्या कानात जसंच्या तसं आहे. विशाखापट्टणमच्या हापिसात, दुसऱ्या मजल्यावर, आम्हा अठरा बायकांना त्यांनी एकेका पडद्यासमोर बसवलं होतं. पडद्यावर आभाळातून काढलेली चित्रं यायची. शेतं, कालवे, नारळीच्या रांगा, छपरं. दिसेल त्या वस्तूभोवती आम्ही रेघ ओढायची आणि तिला नाव द्यायचं. घराला पिवळी रेघ, पेंढ्याच्या गंजीला हिरवी, तळ्याला निळी. आमच्या रेघा बघून यंत्र शिकणार होतं आणि शिकून झालं की स्वतःच नकाशे काढणार होतं. हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लपवलं काही नाही.

आम्ही यंत्राला जावईबापू म्हणायचो. माझ्या शेजारी भवानी बसायची, ती म्हणायची, "वाढा गं वाढा, अजून ढेकर दिला नाही त्यानं." दिवसाला हजार-हजार छपरं वाढायचो आम्ही त्याला, तरी संध्याकाळी ताट रिकामंच.

तिसऱ्या दिवशी मी उठून सरांच्या टेबलापाशी गेले. माझा आवाज मुळात बारीक, त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"सर, आमच्याकडे घरं गोल पण असतात. चुट्टिल्लू म्हणतात. वाऱ्याला धरायला कोपरा मिळू नये म्हणून तशी बांधतात. छप्पर पार जमिनीपर्यंत आणतात."

"आमच्याकडे म्हणजे कुठं?"

"गंगम्मपेटा. श्रीकाकुळमच्या किनाऱ्याला."

"किती असतील?"

"गावागणिक दहा-पाच."

"आणि गोदावरीच्या खोऱ्यात गंज्या किती आहेत, माहितीय? लाखांनी. तुझ्या दहा-पाच झोपड्यांसाठी त्याच्या डोक्यात गोंधळ घालू? अगं, आता सगळे स्लॅब टाकतात. तू हिरवी मार, रत्नम."

मी मारली. पुढच्याच महिन्यात किनाऱ्याची चित्रं आली. वाळूवर गोल छपरं, शेजारी पसरलेली जाळी, एका छपराला दाराच्या जागी अंधाराचा ठिपका. बघताक्षणी कळलं मला. हात थांबला. मग गावाचं नाव वाचलं, ते आमचं नव्हतं, पलीकडचं होतं. त्यामुळे हात जरा हलका झाला. हिरवी, हिरवी, हिरवी. त्या दिवशी शनिवार होता, माझं एकभुक्त होतं, आणि संध्याकाळी घरी जाऊन मी नेहमीप्रमाणे दिवा लावून जेवले. जेवण गोड लागलं, हेही मला आठवतं.

जावईबापू शिकले. सतरा बायकांना घरी पाठवलं. भवानी जाताना म्हणाली, "बघ, सासरवाडीच खाऊन टाकली की नाही?" मला ठेवलं, कारण माझ्या चुका सगळ्यांत कमी होत्या. आता मी तपासनीस. यंत्राला जिथं शंका येते तेवढंच माझ्यासमोर येतं. हा खडक आहे की देऊळ, ही ताडपत्री आहे की डबकं. ज्याची त्याला खात्री असते, ते माणसाच्या नजरेखालून जातच नाही. पाच वर्षांत एकही गोल छप्पर माझ्यापर्यंत आलं नव्हतं. मी ते भलं लक्षण समजत होते.

यंदा धनुर्मासाच्या पहिल्या आठवड्यात माझी पिन्नी, आईची धाकटी बहीण कासुलम्मा, पहाटेच्या बसनं आली. मी दारात मुग्गू, म्हणजे रांगोळी, घालत होते. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनंच, आणि माझं लग्न लागलं तेही हिच्या गोल घराच्या अंगणात. कापडात बांधलेलं सुकं हिनं पुढं केलं.

"आत ठेव. नाकाला पदर लावू नकोस."

"पिन्नी, महिनाभर मी खात नाही गं. व्रत आहे."

"हो, विसरलेच. शहरात येऊन बामणीण झालीस तू. ज्या मासळीनं तुझी हाडं वाढली तिला आता विटाळ." ती हसतच होती. मग कमरेतून फोन काढला. "हे वाच. वादळ-निवाऱ्याच्या भिंतीवर यादी डकवलीय."

बंदराचं काम आमच्या किनाऱ्यावर येणार हे सगळ्यांना माहीत होतं. गाव उठणार आणि मागं रस्त्याच्या पलीकडे नव्या वसाहतीत घराला घर मिळणार. ठरलेल्या तारखेला ड्रोननं काढलेल्या चित्रात ज्याचं घर दिसेल त्याला भूखंड, असा नियम. यादी नकाशासकट होती. मी बोटांनी फोटो मोठा केला. एकशे चौदा घरांना पिवळी चौकट आणि नाव. पिन्नीच्या घराच्या जागी हिरवं वर्तुळ होतं. खाली लिहिलं होतं: पेंढ्याची गंजी, क्रमांक अकरा.

मी वाचून दाखवलं. पिन्नी आधी हसली. इतकी हसली की खोकला लागला.

"गंजी? म्हणजे साठ वर्षं मी गंजीत राहतेय? मग मी कोण, म्हैस?" डोळे पुसले तिनं. "अगं पण आमच्या गावात पेंढा आहेच कुठं! वाळूत भात पिकतं का? एक बैल नाही गावात. हे लिहिलं कोणी?"

"यंत्रानं."

"त्याला शिकवलं कोणी?"

"हापिसानं," मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही. अकरा वर्षं झाली, तो माझा नेम आहे.

"मग तू त्याच हापिसात आहेस ना? सांग त्यांना. मला दुसरं काही नको, यादीत माझं नाव पाहिजे. मी म्हातारी, उद्या रस्त्याच्या पलीकडे एक भिंत तरी पाठीला पाहिजे."

ती चहा पिऊन दुपारच्या बसनं परत गेली. सुकं मी शेजारणीला दिलं.

दुसऱ्या दिवशी तेजेशकडे गेले. हा हैदराबादहून आलेला इंजिनीअर, माझ्या मुलाच्या वयाचा, बोलायला फार गोड. त्यानं गंगम्मपेटा उघडलं.

"अकराच्या अकरा गंज्या, खात्री नव्याण्णव टक्के. बघा आंटी, किती स्वच्छ काम आहे."

"ती घरं आहेत, बाबा. मी त्यातल्या एकात वाढले."

मग त्यानं दोन-चार बटणं दाबली आणि पडदा माझ्याकडे वळवला. यंत्र हे कुठून शिकलं, त्याचा माग निघतो. ओळीनं नमुने आले. वाळू, जाळी, गोल छप्पर, हिरवी रेघ. प्रत्येकाखाली रेघ ओढणाऱ्याची खूण: आर सतरा.

"आर सतरा म्हणजे तुम्हीच ना?"

"मला तसं सांगितलं होतं."

"असेल. कागदावर नाहीये." त्याचा आवाज जराही चढला नाही. "आता हे चूक धरायचं तर तुमच्या सगळ्या रेघा रद्द कराव्या लागतील. अख्खा किनारा पुन्हा करावा लागेल. उत्तरेच्या सात गावांवर माघात ड्रोन उडवायचाय, ते थांबेल. आणि मग वरचे विचारतील, जिच्या रेघा चुकीच्या तिला तपासनीस कशाला ठेवलीय? मी नाही विचारणार हं, आंटी. ते विचारतील."

"मग त्या लोकांचं काय?"

"हरकत नोंदवू देत की. सुनावणी आहे शनिवारी. कंपनीतर्फे तुम्हीच जा, तुम्हाला त्यांची बोली येते."

सुनावणी वादळ-निवाऱ्याच्या हॉलमध्ये होती. नायब तहसीलदार त्रिनाथराव टेबलाशी, त्यांच्या शेजारी मला खुर्ची. समोर अकरा घरची माणसं जमिनीवर. माणसं म्हणजे बहुतेक विधवाच. ज्यांच्या घरी कमावता पुरुष होता त्यांनी केव्हाच स्लॅब टाकले होते. पिन्नीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि मला बघून तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू निकाल लागलाच. तिनं शेजारच्या सुरम्माला कोपरानं ढोसलं. "ती बघ. माझी पोर आहे ती, साहेबाच्या शेजारी."

त्रिनाथरावांनी नाव पुकारलं. पिन्नीनं रेशनकार्ड पुढं ठेवलं.

"यावर गाव आहे. घर कुठाय?"

"गाव आहे म्हणजे घर आहे साहेब. मी काय नारळावर राहते?"

मागं हसू फुटलं. त्रिनाथरावही हसले. माणूस खेळकर होता. "नारळावर नाही आजी, गंजीत. नकाशा तेच म्हणतोय. आता गंजीला भूखंड दिला तर उद्या बैल रांगेत उभे राहतील, त्यांना काय सांगू?"

"दोनशे पावलांवर घर उभं आहे. चला, दाखवते. वाकून यावं लागेल तेवढं."

"आज उभं आहे ते मी नाकारत नाही. पण ठरलेल्या तारखेला तिथं गंजी होती. मागाहून गंजी हलवून झोपडी घातली असेल. भूखंडासाठी लोक काय काय करतात, मला विचारा."

"साहेब, त्या घराला माझ्या नवऱ्याच्या बापानं माती लावलीय!"

"बरं, बरं. ओरडू नका." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, कंपनीच्या शब्दावर मी चालतो. तुम्ही तपासनीस आहात. चित्रात काय आहे? घर का गंजी? एका शब्दात सांगा, मी लगेच लिहितो."

चित्र माझ्या पुढ्यात होतं. त्या छपराच्या पूर्वेला दाराचा ठिपका होता, त्या दारात बसून मी पाढे पाठ केले होते. मी वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर पिन्नी दिसली असती. माझ्या डोळ्यांपुढं हापिसातली माझी खुर्ची आली, आणि आर सतरा.

"चित्रात पेंढ्याची गंजी असं लिहिलंय," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला."

"गंजी असं लिहिलंय."

त्यांनी लिहून घेतलं. बाकीच्या दहांना मग मला विचारावंही लागलं नाही, एकाखाली एक तेच उतरवलं. मी खोटं बोलले नव्हते. जे लिहिलं होतं ते वाचलं होतं. हॉलच्या पायऱ्या उतरताना मी हेच मनात घोकत होते.

पिन्नी खाली उभी होती. शिव्या देईल असं वाटलं. तिनं माझ्या गालाला हात लावून बघितला, ताप आहे का बघतात तसा.

"आज शनिवार ना गं? एकवेळच जेवतेस ना?"

"हो."

"मग जा घरी. पोटभर जेव."

घरांना नोटीस द्यावी लागते, महिन्याची मुदत द्यावी लागते, सामान हलवायला गाडी द्यावी लागते. गंजीला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे स्लॅबची घरं जागच्या जागी राहिली आणि ठेकेदाराला पहिलं काम मिळालं ते अकरा गंज्या उचलण्याचं. संक्रांतीच्या चार दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास ते आले. बायका खाली समुद्राकाठी मासळी वाळत घालत होत्या. गड्यांच्या हातात पेंढा उचलायच्या काट्या होत्या, खाली ट्रॉली होती. काटी खुपसली तेव्हा आतून मडकं फुटल्याचा आवाज आला. मुकादमानं कागद बघितला. कागदावर गंजी. म्हणाला, कोणीतरी गंजीत मडकं ठेवलं असेल, चालू द्या.

हे मला सुरम्माच्या सुनेनं फोनवर सांगितलं. पिन्नी धावत वर आली तेव्हा छप्पर निम्मं उतरलं होतं. ती आत शिरायला बघत होती, देवाच्या फळीवरून गंगम्माची मूर्ती काढायची होती तिला. मुकादम म्हणाला, "अम्मा, बाजूला हो, गंजी अंगावर पडेल." मग भिंतींना बुलडोझर लावला. दुपारपर्यंत अकरा ठिकाणी नुसती गोल ओल होती.

मी तिसऱ्या दिवशी गेले. गोड पोंगल करून नैवेद्य दाखवला होता, तोच डबा नेला. अकराही घरं आता निवाऱ्याच्या हॉलमध्ये होती, त्याच जमिनीवर. पिन्नी खांबाला टेकून बसली होती. हातभर जागेत एक पातेलं, जाळ्याचं गाठोडं आणि हात मोडलेली गंगम्मा.

मी डबा पुढं केला.

"ठेव तिथं. कुत्री येतात दुपारची."

"पिन्नी, मी खोटं बोलले नाही गं."

"नाही बोललीस." ती जाळ्याचा धागा सोडवत होती. "खरं कुठं बोललीस?"

मग मला राहवलं नाही. तिच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. फणींद्र सर काय म्हणाले ते, पलीकडच्या गावाची छपरं, ओळखूनही ओढलेल्या रेघा, आर सतरा. पिन्नी धागा सोडवतच राहिली. झाल्यावर धागा दातानं तोडला आणि हाक मारली, "अगं सुरम्मा, या गं सगळ्या इकडे. माझ्या पोरीचं काम ऐका."

बायका जमल्या.

"सांग."

मी सांगितलं. माझा आवाज माझ्यापुरताच निघाला.

"मोठ्यानं. सुरम्माला कमी ऐकू येतं."

मी पुन्हा सांगितलं.

"अजून मोठ्यानं. देवाला हळू बोललेलं चालतं, त्याचं घर कोणी उचलत नाही. आम्हाला मोठ्यानं सांग."

तिसऱ्यांदा मी ओरडूनच सांगितलं. "तुमची घरं मला दिसत होती. मी त्यांना गंजी म्हटलं. म्हणून यंत्र म्हणतं." हॉलमध्ये आवाज घुमला. एक म्हातारी थुंकली, माझ्यावर नाही, बाजूला. सुरम्मानं सुनेला विचारलं, "काय म्हणाली?" सुनेनं तिच्या कानात सांगितलं. सुरम्मानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पण हिला तर मी न्हाऊ घातलंय लहानपणी."

बायका आपापल्या जागेवर गेल्या.

"आता कुठं जातोय तुझा जावई?" पिन्नीनं विचारलं. हे नाव मीच तिला कधीतरी हसत सांगितलं होतं.

"उत्तरेला. सात गावं. माघात ड्रोन उडणार."

"तिथं गोल घरं किती?"

"आधीच्या चित्रावरून यंत्रानं मोजलंय. घर एकही नाही. बेचाळीस गंज्या."

"वाळूत." ती हसली, पहिल्या दिवशी हसली होती तशी नाही. "आणि उडायच्या आधी कोणी ओरडलं तर?"

"आधीच हरकत नोंदवली, दारात माणूस उभं करून फोटो जोडला, तर यंत्राचा निकाल थांबतो. मग ते माणसाला बघावं लागतं. मागाहून काही होत नाही."

"हे तुला आमच्या वेळी माहीत होतं?"

"तुमच्या वेळी ड्रोन आधीच उडून गेला होता, पिन्नी."

"सुनावणीला तर सगळं संपलं नव्हतं."

तिनं तळहात उघडा करून पुढं धरला. आमच्याकडे वचन असंच घेतात.

"मार हात. बेचाळीस दारं. एकेक करून. वाकून आत जायचं, आणि आधी हरकतीचं नाही सांगायचं. आधी आज सांगितलंस ते. तू कोण, काय केलंस. मोठ्यानं. मग पुढचं."

"ते हापिसात कळेल."

"कळू दे."

"त्यांनी मला हाकललं तर?"

"तर हाकलतील. मारतील पण, आमच्या बायका आहेत त्या."

"आणि तुझं घर त्यानं परत यायचं नाही."

"ते मला कळतं, मी म्हैस नाही. आणि तुला पुण्य लागावं म्हणून सांगतेय असं पण समजू नकोस. तुझ्या पुण्याचं मला काय?" हात तसाच पुढं होता. "मारतेस का डबा उचलून जातेस?"

मी तिच्या हातावर हात मारला. तिनं लगेच हात मागं घेतला आणि लुगड्याला पुसला. डबा तिथंच राहिला. मी वळून बघितलं नाही, त्यामुळे कोणी खाल्लं ते माहीत नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा कनुमा झाल्यावर, पुढच्या रविवारी पहाटे मी न्हाले, तुळशीला पाच प्रदक्षिणा घातल्या, दिव्यात तेल ओतलं. यजमान अंथरुणातून म्हणाले, "आज कुठं? सुट्टी आहे ना?" मी म्हटलं, "किनाऱ्याला जाऊन येते. सात गावं आहेत, वेळ लागेल." "कोणाकडे?" त्यांनी विचारलं. "ओळखीचं कोणी नाही," मी म्हटलं.

पिशवीत हरकतीचे बेचाळीस कोरे अर्ज होते, पाण्याची बाटली होती. दार हळूच ओढून घेतलं आणि पहिल्या बसच्या थांब्याकडे चालायला लागले.